डोकं कापलेले पेपर

बायको गेली त्याला आता सव्वा वर्ष होईल. तिचं दिवसकार्य झाल्यावर शाळेनं शोकसभा घेतली. मला पहिल्या रांगेत बसवलं. आत्ताचे हेडमास्तर, ज्यांचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता, ते माईकवर म्हणाले की बाईंनी त्या काळात वर्तमानपत्रं आणि रेडिओ वर्गात आणून भूगोल शिकवला, आज आपण ज्याला उपक्रम म्हणतो तो त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी केला. मग आणखी दोघं उठून तेच बोलले. अशा सभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी मागच्या पोरांनी वाजवल्या. मी खाली बघत बसलो होतो. मनात म्हटलं, लेको, तो उपक्रम तुमच्याच शाळेनं तिच्या हातातनं काढून घेतला, आणि घेताना तिचा नवरा तिथंच उभा राहून खोटं बोलला.

हे माहीत असलेलं माणूस आता गावात कोणी उरलं नाही. म्हणून मीच लिहितो. मी चौथी नापास आहे. चुका छापणारानं काढाव्यात, बाकीचं काही काढू नये.

आमचं गाव माणदेशाच्या कडेला, तालुक्याचं. साताऱ्याची एसटी इकडनं यायची, सांगलीची तिकडनं, आणि दोन्ही आमच्या स्टँडवर येऊन तोंड फिरवायच्या. त्या स्टँडवर माझा पेपरचा ठेला होता. ठेला म्हणजे एक फळी, दोन दगड आणि वर ताडपत्री. लग्न जमवताना मध्यस्थानं तिच्या चुलत्याला सांगितलं, मुलाचं स्टँडवर दुकान आहे. चुलत्यानं बघायला यायची तसदी घेतली नाही. ती वाईकडची, प्राथमिक शिक्षकाची मुलगी, मॅट्रिक झालेली. बाप वारला, भाऊ लहान, चुलत्याला पोरगी उजवायची घाई. अशी ती माझ्या घरी आली.  दुकान बघितल्यावर तिनं फळीवरचे पेपर सगळे उलटून पालटून बघितले.

मग तिनं माझ्या घरी राहूनच बीए केलं. बाहेरनं. बीएडला साताऱ्याला गेली, तेव्हा मी वर्षभर हातानं भाकरी थापून खाल्ली. लोक हसायचे. ठेल्यावर येऊन मुद्दाम विचारायचे, "काय रं, मालकीणबाई कवा येणार? का मास्तर बघितला तिकडंच?" मी पण कमी नव्हतो, तोंडावर द्यायचो. पण बोचायचं. ती परत आली आणि गावच्या हायस्कुलात भूगोलाची बाई म्हणून लागली. तेव्हापासून गाव तिला बाई म्हणू लागलं आणि मला बाईंचे मालक. माझ्या मागं हेच लोक मला बाईंचा पेपरवाला म्हणायचे, ते पण मला ठाऊक होतं.

तिचा वर्ग कसा असायचा ते मी सांगू शकतो, कारण दुपारची गाडी गेली की मी पेपर घेऊन शाळेत जायचो आणि खिडकीबाहेर थांबायचो. भूगोलाच्या पुस्तकात एस्किमोचं घर होतं. बर्फाचं, गोल. ती पोरांना म्हणायची, हे पाठ करा, परीक्षेला येईल, आणि आता पुस्तक मिटा. मग जमिनीवर खडूनं नकाशा काढायची. इकडं महाबळेश्वर, पाचगणी, मध्ये कृष्णा, इकडं कऱ्हाड, खाली सांगली, आणि आपण इथं, पाऊस येता येता संपतो तिथं. पोरांच्या हातात चिंचोके द्यायची. तुमच्या घरातलं कोण कुठं आहे ते ठेवा. कुणाचा भाऊ फौजेत, कुणाचा बाप मुंबईला गिरणीत, कुणाची आत्या कृष्णाकाठी ऊसतोडीला. आपल्या गावावर बोटावर मोजण्याइतके चिंचोके उरायचे. मग ती विचारायची, "का गेले?" पोरं म्हणायची, पोटासाठी. ती म्हणायची, "ते सगळ्यांनाच आहे. पाचगणीत पोरं बाहेरून शिकायला येतात आणि आपल्याकडून माणसं बाहेर जातात. दोन्ही एकाच जिल्ह्यात. असं का?"  मग हळूहळू एकेक पोर बोलायला लागायचं.

कोयनेचं धरण झालं तेव्हा उठवलेल्यांतलं एक गाव आमच्या बाजूला आणून वसवलं होतं. त्यातली दोन पोरं तिच्या वर्गात होती. एरवी ती मागं बसायची आणि त्यांना सगळे चिडवायचे. हिनं त्यांना पुढं उभं करून विचारलं, तिकडं घराला काय असायचं, पाऊस किती, शेतात काय. ती पोरं अर्धा तास बोलली. भात, नाचणी, जळवा, डोक्यावरचं इरलं. आमच्या पोरांनी जळू बघितलीच नव्हती. पुस्तकातल्या एस्किमोपेक्षा ही पोरं लांबनं आल्यासारखी वाटली त्यांना, आणि आली होती शंभर मैलांच्या आतनं.

आणि मग पेपर. ती चौघाचौघांना एकेक पेपर द्यायची. नुसतं वाचायचं नाही. बातमी कुणी लिहिली, तो कुठं उभा राहून बघत होता, त्याला कोण दिसलं, कोण दिसलं नाही, हे सांगायचं. पूर आला असं लिहिलंय, तर पूर पुलावरनं बघितला की झोपडीतनं. एकदा शेजारचा ट्रान्झिस्टर मागून नेला आणि पोरांना बातम्या ऐकवल्या. हेडमास्तरांनी दारात येऊन सांगितलं, बाई, शाळा आहे, हॉटेल नाही. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. पण त्याला पोर्शन पुरा व्हायला पाहिजे होता आणि वर्ग शांत पाहिजे होता. तिचा वर्ग कधी शांत नसायचा.

आता पेपर कुठनं यायचे ते सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

न खपलेले पेपर एजंटाला परत करायचे असतात. पण अख्खा गठ्ठा परत पाठवायचा तर एसटीला हमाली. म्हणून धंद्यात रीत अशी की पेपरचं डोकं कापायचं, म्हणजे वरची नावाची पट्टी, आणि तेवढ्या पट्ट्या परत पाठवायच्या. खालचं धड आपल्याकडंच राहतं, ते रद्दी. पेपर घडीत असतो, त्यामुळं कात्री एकदा मारली की आतल्या पानांवरची तारखेची ओळ पण जाते. पेपरला नाव राहत नाही आणि तारीख पण राहत नाही. अशी डोकं कापलेली धडं मी तिला वर्गासाठी द्यायचो. ताजी विकत घेऊन द्यायची ऐपत नव्हती आणि शाळा तर एक पेपर घ्यायची, तो पण हेडमास्तरांच्या टेबलावर.

ती म्हणाली, तारखेशिवाय बातमी म्हणजे पत्त्याशिवाय पत्र. पोरांना कसं कळणार हे कधीचं? तर कापल्या कापल्या तुम्ही पेन्सिलीनं वर तारीख टाकत जा. मला तेव्हा वाचायला यायचं, अडखळत का होईना, पण लिहायचं म्हटलं की हात घट्ट व्हायचा. तिनं मला आकड्यांपासून शिकवलं. रोज रात्री जेवणं झाल्यावर पाटीवर तारीख काढून घ्यायची. महिने पण शिकवले. माझा फेब्रुवारी लय दिवस चुकायचा. पुढं पुढं मी निळ्या पेन्सिलीनं झोकात तारीख टाकायला लागलो. खरं सांगतो, त्या दोन बोटं जागेत मी कायतरी होतो. वर्गातली पोरं माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून नकाशा करत होती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडं विहिरी उघड्या पडल्या होत्या आणि माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मुकादमाच्या हजेरीपटावर नाव असेल तर काम, आणि तिथं सुकडी मिळायची खायला. चार दिवस लागोपाठ गैरहजर राहिलं की नाव कटायचं आणि मागं वाट बघणाऱ्याचं लागायचं. वर्गातली निम्मी पोरं शाळा सुटली की तिकडंच पळायची. हिनं ठरवलं, हेच शिकवायचं. दुष्काळात माणूस कुठनं कुठं जातो. आपल्या बाजूचे पेपर झाले, आता सांगलीकडच्या पेपरात काय येतं ते बघायचं. मला म्हणाली, "या आठवड्याचे सांगलीचे तीन-चार लागतील. ताजेच हवेत, शिळे नको. मी वर्गात सांगून ठेवलंय की आमच्या घरून येणार आहेत."

आमच्या घरून. हे ती मास्तरांच्या खोलीत पण म्हणाली होती, शिपायानं मला सांगितलं. मास्तरांच्या खोलीत माझं नाव चांगल्या कामासाठी पहिल्यांदाच निघालं असेल.

आणि त्या आठवड्यात सांगलीचा गठ्ठाच आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. कंडक्टर म्हणाला, एजंटानं तुमचे पेपर जतकडं वळवले, तिकडं खप वाढलाय. मी तिला हे सांगू शकलो असतो. ती काही रागावली नसती, पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणाली असती. पण मला रिकाम्या हातानं जायचं नव्हतं.

फळीखाली सांगलीच्या पेपरची जुनी धडं पडली होती. त्यांच्यावर तारखा टाकलेल्या नव्हत्या, कारण सांगलीचे ती आधी कधी मागत नसे. पेपरात प्रत्येक बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारखेचा आकडा असतो, महिना नसतो. सांगली, ता. ४. जत, ता. ५. हे पण तिनंच मला दाखवलं होतं. मी त्या ढिगातनं चार, पाच आणि सहा तारखेचे आकडे असलेले पेपर हुडकून काढले, वर निळ्या पेन्सिलीनं चार, पाच, सहा टाकले आणि पुढं चालू महिना लिहिला. एप्रिल. पेपर दोन महिन्यांपूर्वीचे होते. नजरचुकीनं झालं असं कुणी म्हणू नये. मी बसून, आकडे जुळवून केलं. तिला शंका येऊ नये म्हणून तिनंच शिकवलेलं वापरलं.

त्यातल्या एका पेपरात बातमी होती की कृष्णेच्या बाजूला एका पाझर तलावावर माणसं कमी पडतायत, बाहेरच्यांना पण घेतायत, पाण्याचा टँकर आहे, राहायला छपरं आहेत. पोरांनी खडूनं बाण काढला, आमच्या गावापासून तलावापर्यंत. हिनं विचारलं, हा बाण आपल्याकडून तिकडं का, तिकडून इकडं का नाही? तास लय रंगला म्हणे. मी त्या दिवशी खिडकीशी गेलो नाही.

नववीत एक मुलगी होती, जवळच्या वाडीतली. नकाशा काढण्यात सगळ्यांच्या पुढं. बायको म्हणायची, ही पोरगी माझ्यापेक्षा चांगली बाई होईल. त्या पोरीनं घरी जाऊन बापाला सांगितलं, पाझर तलावावर टँकर आहे आणि माणसं घेतायत. बापानं विचारलं असेल, कुणी सांगितलं? पेपरात आलंय, बाईंनी शिकवलंय. यावर वाडीतल्या माणसांनी आणखी काय विचारायचं? आमच्या खडीच्या कामावर पाणी दोन मैलांवरनं आणायला लागायचं. वाडीतली नऊ घरं दुसऱ्या दिवशी पहाटे बायकापोरांसकट निघाली. पायी.

तिथं पोचली तर बांधावर कुत्रं नव्हतं. काम बंद होऊन महिना झाला होता. छपरांचे बांबू पण उपटून नेलेले. दोन दिवस आजूबाजूला विचारत फिरली, आणि परत आली तोवर आमच्या कामावरचं सगळ्यांचं नाव कटलेलं. मुकादमाच्या पाया पडले तरी नाव लागेना.

वाडीतली माणसं शाळेत आली. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. येऊन व्हरांड्यात बसली. शाळेच्या समितीचा चेअरमन आला, हेडमास्तर बाहेर आले, हिला वर्गातनं बोलावलं. मला स्टँडवरनं बोलावून घेतलं, पेपर मी देतो म्हणून. टेबलावर त्या बातमीच्या पेपरचं धड ठेवलेलं. वर माझी निळी तारीख.

पोरीचा बाप म्हणाला, "बाई, तुमी आमाला फशिवलं न्हाई, ते मला कळतंय. पर तारीख तर तुमीच बघायची का न्हाई? आमी आडाणी. तुमी पोरीला सांगितलं, पोरीनं आमाला सांगितलं."

चेअरमननं ते धड उचललं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडं बघितलं. त्याच्या हातात समिती होती, आणि स्टँडवरच्या जागा कुणाला द्यायच्या ते पण तोच ठरवायचा. म्हणाला, "हे पेपर तुझ्याकडचे नव्हं? ही तारीख कुणी टाकली?"

मी म्हणालो, "साहेब, मला कुठलं लिवता येतंय? चौथी नापास हाय मी."

व्हरांड्यातली दोघंतिघं हसली. खरं पण वाटलं सगळ्यांना. माझ्यासारख्याला लिहिता येत असेल असं कुणाला वाटणार? ते वेडंवाकडं अक्षर समोर होतं आणि तरी कुणाला वाटलं नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं.  मग चेअरमनकडं वळून म्हणाली, "तारीख मी टाकली. पडताळून बघितली नाही. चूक माझी आहे."

तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. फळ्यावर सगळी शाळा रोज बघायची. कुणी म्हणालं नाही की बाई, हे अक्षर तुमचं नाही. हेडमास्तरांना नक्की कळलं असणार. पण त्यांना वर्ग शांत पाहिजे होता, तो असा झाला.

तिची नोकरी गेली नाही. भूगोल काढून घेतला. शाळेत वर्तमानपत्र आणायचं नाही असं फिरती वही काढून सगळ्या मास्तरांच्या सह्या घेतल्या. भूगोल एका नवीन सरांना दिला. ते खुर्चीवर बसून प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे, पोरं लिहून घ्यायची. हिला दिलं मुलींचं शिवणकाम आणि पाचवीचं शुद्धलेखन. जिनं अख्खा जिल्हा जमिनीवर काढून पोरांना त्यात चालवलं, ती आता गुंड्यांची काजं करायला शिकवत होती.

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आठ-दहा दिवसांनी भाकऱ्या करताना, पाठमोरी, म्हणाली, "नोकरीचं मला काही वाटत नाही. पण लिहिता येत नाही म्हणालात ते कशाला? दोन वर्षं बसले मी तुमच्याबरोबर." मी म्हणालो, जागा गेली असती ठेल्याची. ती म्हणाली, "हो, गेली असती." आणि भाकरी उलटली. पुढं म्हणाली, "चुकून झालं असेल तुमच्याकडून. गठ्ठे मिसळले असतील." मी व्हय म्हणालो.

ती मुलगी परत शाळेत आली नाही. वाडीतल्या घरांना मुकादमानं पुढं एकेक करून घेतलं, पण घरातले सगळे हात कामावर आणायच्या अटीवर. बायको दर रविवारी त्या कामावर जायची, पोरीला परत पाठवा म्हणून बापाला सांगायला. एकदा मी बरोबर गेलो. उन्हात माणसं रांगेनं खडी फोडत होती. पोरीनं हिला बघून पदर तोंडावर ओढला. नववीतली पोरगी, तिला आता लुगडं नेसवलं होतं. बाप हातोडा खाली न ठेवता म्हणाला, "बाई, तिला नकाशा येतूया, मला ठाव हाय. मुकादमाला नकाशा नगं, हात पायजेत. तुमी उन्हाच्या हितवर येऊ नगासा आता." तेव्हा तरी मी सांगायचं होतं की तारीख मी टाकली. मी हिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो.  पुढच्या रविवारी ती गेली नाही.

असं तीन-चार वर्षं चाललं. दुष्काळ सरला, पुढं मॅट्रिकची दहावी झाली, नवीन पुस्तकं आली. ठेल्यावर कुणी तिचा जुना विद्यार्थी आला की म्हणायचा, बाईंचा तास आजून डोळ्यापुढं हाय. मी तिला घरी जाऊन सांगायचो. ती म्हणायची, असू दे.

मग त्या भूगोलाच्या सरांची बदली झाली. नवीन पुस्तकात म्हणे माणसांचा भूगोल वाढवला होता, लोकसंख्या, स्थलांतर, धंदे. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे शिकवणारं कोण आहे? हेडमास्तर स्वतः आमच्या घरी आले. चहा घेतला, कपबशी नीट खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, भूगोल परत घ्या. झालं ते झालं. पेपर आणा, रेडिओ आणा, मी आडवा येणार नाही." मला वाटलं आता ही रडेल. ती म्हणाली, विचार करून उद्या सांगते.

ते गेल्यावर मी हरखलो होतो. म्हणालो, घ्यायचा, त्यात इचार कसला? ती उंबऱ्याशी बसली होती. तिनं जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहितो.

ती म्हणाली, "त्या बातमीत लिहिलं होतं की कृष्णाकाठी शाळू ज्वारीची काढणी चालू आहे, म्हणून तलावावर तिकडची माणसं मिळत नाहीत. शाळू माघात काढतात. मी ती बातमी चैत्रात शिकवली. वर्गात मोठ्यानं वाचून घेतली. कुणब्याच्या अडाणी बाईला कळलं असतं की चैत्रात शाळू शेतात नसतो. मला कळलं नाही. वर तारीख होती ना, मी तारखेवर विश्वास ठेवला. माणसं कधी कुठं कशाला जातात, हाच माझा विषय. जिला शाळू दिसला नाही, तिनं काय शिकवायचं?"

मी समोर उभा होतो. तिला अजून वाटत होतं की गठ्ठे मिसळले. चार वर्षं ती रात्रंदिवस त्या शाळूपाशी अडकली होती आणि स्वतःला कमी समजत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, अगं, मिसळलं नव्हतं काही. मी बसून आकडे जुळवले. तुला फसवायचं म्हणूनच केलं होतं, आणि आपल्या माणसाच्या हातची तारीख कोण पारखून घेतं? एवढं म्हटलं असतं तर ती माझ्यावर थुंकली असती. थुंकायलाच पाहिजे होती. पण दुसऱ्या दिवशी खडू घेऊन वर्गात गेली असती.

मी म्हणालो, "तुला बरं वाटंल तसं कर."

सकाळी ती शाळेला निघाली. शाळेची वाट स्टँडवरनंच जाते. साताऱ्याची पहिली गाडी नुकतीच लागली होती आणि ठेल्याला गर्दी होती. ती शिवणकामाची पिशवी घेऊन समोरनं चालली होती. हेडमास्तरांना नको म्हणून सांगायला चालली होती, हे मला ठाऊक होतं. ती ठेल्यापाशी क्षणभर थांबली, माझ्याकडं नाही, फळीवरच्या पेपरांकडं बघितलं, वरचा मथळा वाचला असेल. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एका फौजीनं खिडकीतनं हात बाहेर काढून पेपर मागितला, गाडी हालत होती. मी पेपर द्यायला पळालो. परत आलो तेव्हा ती पुढं निघून गेली होती.